अक्कम्माचं अर्धं शटर

दुपारी दोनच्या सुमाराला नवी पेठेला एक ग्लानी येते. कापडवाले गादीवरच पाय लांब करतात, सराफ डुलकी घेतानाही तोंड तिजोरीकडे ठेवतो, आणि रिक्षावाले मागच्या सीटवर असे आडवे होतात की गिऱ्हाइकानं त्यांना उठवण्यापेक्षा मुकाट्यानं चालत जावं. नेमक्या याच वेळी आमच्या बोळातल्या एका दुकानाचं शटर खडखडत अर्ध्यावर येतं आणि तिथला खरा धंदा सुरू होतो.

पाटीवर 'चनमल्लप्पा काष्ठौषधी भांडार' असं लिहिलं आहे. चनमल्लप्पा हे अक्कम्मांचे सासरे. त्यांना जाऊन जमाना झाला, पण भिंतीवरच्या फोटोतून ते अजून गल्ल्यावर लक्ष ठेवून असतात. दुकान अक्कम्मांचं आहे हे सगळ्या सोलापूरला माहीत आहे. फक्त पाटी रंगवणाऱ्याला ते कुणी कळवलेलं नाही.

सकाळ-संध्याकाळ हे दुकान सगळ्यांचं असतं. कुणी खोकल्याला ज्येष्ठमध नेतं, कुणी पोटाला हिरडा नेतं, आणि आमच्यासारखे काही काहीच न नेता स्टुलावर बसून सगळ्या बरण्यांचा वास फुकट घेतात. पण दोन वाजले की अक्कम्मा हातातला अडकित्ता खाली ठेवतात आणि म्हणतात, "उठा. बायकांची वेळ झाली." मग समोर नगरसेवक असो की जावई, त्याला उठावंच लागतं. एकदा एक फौजदारसाहेब घशासाठी काढा पीत बसले होते. त्यांना अर्ध्या पेल्यासकट बाहेर काढण्यात आलं आणि उरलेला काढा त्यांनी रस्त्यात उभं राहून, वाहतूक नियंत्रित करत असल्याचा आव आणून संपवला.

त्यानंतर बाहेरून दिसतात त्या फक्त चपला. शटरखाली ओळीनं मांडलेल्या. कॉलेजच्या मुलींचे पांढरे बूट, विडी वळायला जाणाऱ्या बायकांच्या झिजलेल्या स्लिपरा, एखादी उंच टाचेची सँडल जिची मालकीण आपण इथे आलोच नाही अशा बेतानं गाडी लांब लावून आलेली असते. आत काय चालतं हे पुरुषांना कळू नये म्हणून शटर अर्धं खाली असतं. पण अक्कम्मांचा आवाज असा आहे की शटर पूर्ण खाली असतं तरी काही फरक पडला नसता. इतर बायका जो शब्द डोळ्यांनी किंवा नुसत्या मानेनं सांगतात तो अक्कम्मा कांद्याचा भाव विचारावा तसा उच्चारतात. "पाळी कधी आली? किती जातंय? गाठी पडतात काय?" समोरच्या कापडवाल्याची झोप या प्रश्नांनी कितीदा मोडली असेल याची गणती नाही. तो बिचारा कूस बदलून गांधीजींच्या माकडासारखा दोन्ही कानांवर हात ठेवतो.

हे धैर्य त्यांनी माहेराहून आणलं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, जिथे माणसं मराठीत भांडायला सुरुवात करतात आणि कानडीत संपवतात. घर लिंगायत, तिथे पाळीचा विटाळ पाळत नाहीत. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर शेजारची बाई महिन्यातून काही दिवस कोपऱ्यात का बसते, हे नव्या नवरीला उमगेना. तिनं सरळ जाऊन विचारलं, "तुमाला शिक्षा झालीय काय?" आजही विटाळाचं कुणी नाव काढलं की त्या गळ्यातलं इष्टलिंग दाखवतात. "हे चोवीस तास अंगावर हाय. ह्याला चालतंय, तर तुज्या देव्हाऱ्याला काय धाड भरलीय?"

अक्कम्मांची काम करण्याची एक पद्धत आहे. बाई आली की तिला आधी शटरच्या कडेला उजेडात घेऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढायची. आतली कड फिकट दिसली, की पुडी नाही. "तंगी, आदी रक्त तपासून ये," असं म्हणायचं. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. अक्कम्मांना साठीनंतर सगळं सोलापूर धाकट्या बहिणींनी भरलेलं दिसतं. महिन्याच्या महिन्याला अंगावरून फार जात असेल, मधेच जात असेल, किंवा दुखणं दर खेपेला वाढत असेल, तरीही पुडी नाही, दवाखाना. मोहोळहून एक बाई 'पाळी आणायचं काहीतरी द्या' म्हणून आली, तर अक्कम्मांनी तिला आधी मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणायला लावली. पट्टी म्हणाली दिवस गेले आहेत. तेव्हा त्या बाईला पपई, तीळ आणि गुळाचे सगळे फुकट सल्ले एका दमात विसरायला लावून, डॉक्टरकडे नेणाऱ्या रिक्षात स्वतः बसवून दिलं. रिक्षावाल्याला उठवण्यासाठी त्यांना फार कष्ट पडले नाहीत. आवाज होताच.

मग पुडी द्यायची कुणाला? तर ज्यांना दुसरं काही नाही, फक्त दर महिन्याला पहिल्या दिवशी पोटात पिळवटून येतं, त्यांना. ती लाल कागदातली पुडी. नुसतं 'लाल पुडी' म्हटलं की नवी पेठ ते पार अक्कलकोट नाक्यापर्यंत कुठलीही बाई पत्ता सांगेल. तिच्यात मुख्य सुंठ, सोबत ओवा आणि बाळंतशेपा, आणि शिवाय दोन जिनसा गुप्त. या दोन जिनसा अक्कम्मांच्या सासूनं मरताना सुनेच्या कानात सांगितल्या होत्या. अक्कम्मांनी त्या पोटच्या मुलाला, शिवराजला सुद्धा सांगितल्या नाहीत. शिवराज दिवसा दुकानाचा हिशेब बघतो आणि रात्री मोबाइलवर 'आपला ब्रँड कसा उभारावा' हे व्हिडिओ बघतो. अशा माणसाला गुपित सांगणं म्हणजे ते लाउडस्पीकरवर सांगणंच.

तर या लाल पुडीवर जगाचा विश्वास होता, आणि अक्कम्मांचा तर जगाहून जास्त. तिच्यापुढे प्रश्न उभा केला तो घरातल्याच माणसानं. शिवराजची मुलगी ऋतुजा औषधनिर्माणशास्त्रात पुढचं शिकत होती. शेवटच्या वर्षी तिला एक प्रबंध करायचा होता. सगळ्या मैत्रिणींनी लांबलचक नावांचे विषय घेतले. ऋतुजानं घरी येऊन जाहीर केलं की ती अज्जीची लाल पुडी तपासणार आहे.

अक्कम्मांना आधी आनंदच झाला. त्यांना वाटलं, कॉलेज आता पुडीचा सत्कार करणार. शिवराजला तर एवढा आनंद झाला की त्यानं त्याच आठवड्यात लेबलं छापून आणली: 'शास्त्रसिद्ध लाल पुडी'. मुलीचा प्रबंध अजून सुरूही झाला नव्हता. बापानं निकाल लावून, छापून, गठ्ठे बांधून ठेवले होते.

पहिली अडचण गुपिताची आली. कॉलेजच्या परवानगी देणाऱ्या समितीनं सांगितलं, काय काय आहे ते कळल्याशिवाय मुलींना देता येणार नाही. अक्कम्मा दोन दिवस 'बघू' म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी नातीला देवघरात नेऊन, दार लावून, त्यांनी सासूच्या त्या दोन जिनसा सांगितल्या. बडीशेप आणि सैंधव. ऋतुजा म्हणते, तिला हसू आवरायला पदर नव्हता, म्हणून तिनं ओढणी तोंडात कोंबली. दोन पिढ्या प्राणपणानं जपलेलं रहस्य स्वयंपाकघरातल्या फळीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, झाकण उघडं ठेवून बसलेलं होतं.

ऋतुजाच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडम. विणकरांच्या पेठेतल्या तेलुगू घरातल्या, बोलायला मोजक्या, आणि विद्यार्थ्यांना धाक एवढा की त्यांच्या केबिनबाहेर मुलं आपोआप चपला काढतात. त्यांनी ऋतुजाला नीट समजावून सांगितलं होतं. पाळीच्या पहिल्या दिवशी गर्भाशय आवळतं ते शरीरातच तयार होणाऱ्या काही द्रव्यांमुळे. आपली नेहमीची वेदनाशामक गोळी ती द्रव्यं कमी करते. सुंठही थोडंफार तेच करत असावी असं बाहेरच्या काही छोट्या प्रयोगांत दिसलं आहे. पण छोटे प्रयोग ते छोटेच. आणि बाकी जिनसांबद्दल तर कुणी छातीठोकपणे सांगावं असं अजून काही नाही. तेव्हा तपासायचं तर रीतसर.

रीतसर म्हणजे असं. काही मुलींना पुडीची पूड भरलेल्या कॅप्सूल. काहींना हुबेहूब तशाच कॅप्सूल, पण आत तांदळाचं पीठ. कुणाला काय मिळालं हे मुलींना ठाऊक नाही, देणाऱ्याला ठाऊक नाही, ऋतुजालाही नाही. किल्ली, म्हणजे कुणाला काय याची यादी, फक्त मॅडमकडे. मुलींनी सगळं ऐकून, समजून, सही करून भाग घ्यायचा. सहन होईना तर प्रत्येकीजवळ डॉक्टरांनी दिलेली नेहमीची गोळी आहेच, ती घ्यायची आणि तसं सांगायचं.

सगळं चोख. फक्त मुली येईनात. ऋतुजानं वसतिगृहात सुरेख रंगीत कागद लावला होता. मुली त्याच्यासमोरून जाताना अशा भरभर चालत, जणू कागद त्यांचं नाव पुकारणार आहे. शेवटी मायाक्का नावाची सांगोल्याकडची एक मुलगी ऋतुजाला जिन्यात गाठून हळूच म्हणाली, "ताई, कॉलेजात नको. तुमच्या अज्जीच्या दुकानात ठेवा की. तितं आमी तसंबी जातोच."

अशा रीतीनं शास्त्र अर्ध्या शटरखालून वाकून आत आलं. खोके आले, प्रत्येकीचा नंबर घातलेले. पाळी सुरू झाली की मुलीनं दुकानात यायचं, अक्कम्मांनी तिच्या नंबरच्या खोक्यातून कॅप्सूल द्यायच्या, आणि ऋतुजानं शून्य ते दहा यांत दुखणं किती ते विचारून घ्यायचं. या दहाच्या मोजणीची अक्कम्मांनी यथेच्छ टिंगल केली. त्यांचं म्हणणं, आपल्या पोरी दुखण्यालाही लाजतात. मायाक्का पोटाशी पाय घेऊन बाकावर आडवी झालेली, ओठ पांढरे पडलेले, आणि ऋतुजानं विचारलं तर म्हणाली, "तीन असंल ताई. जास्त न्हाय." अक्कम्मा गरजल्या, "तीनमध्ये कुणी असं वळवळतं काय? नीट सांग. हितं कुणी तुला बघायला आलेलं न्हाय." मग मायाक्कानं घाबरून सात सांगितलं.

मेंढपाळाच्या घरातली ही मुलगी. तिच्या गावात दुखणं म्हणजे मेंढरानं बसकण मारली तर. माणसाला त्याची रजा नसते. बारावीच्या परीक्षेत एक पेपर तिनं असाच पोट दाबून अर्धा सोडला होता आणि घरी सांगितलं होतं की पेपर अवघड होता. ती अक्कम्मांची लाडकी झाली यात नवल नाही.

आणि तिथेच घात झाला.

तांदळाच्या पिठाची गोष्ट अक्कम्मांना पहिल्यापासून पटलेली नव्हती. ऋतुजानं परोपरीनं समजावलं होतं की औषध घेतलं या नुसत्या समजुतीनंच माणसाला निम्मं बरं वाटतं, ते वजा करायचं तर अशी खोटी कॅप्सूल लागते. अक्कम्मांनी मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे त्यांना पटलं असा आजवर ज्यांनी ज्यांनी समज करून घेतला ते सगळे पस्तावले आहेत. पुढच्याच दुपारी, ऋतुजा कॉलेजात आणि शिवराज जेवायला गेलेला असताना, त्यांनी एकेका खोक्यातली एकेक कॅप्सूल काढून नाकाला लावली. पन्नास वर्षं सुंठीत मुरलेलं ते नाक. कॅप्सूलच्या आवरणातून आतली सुंठ त्यांना ऐकू आल्यासारखी कळली. आणि काही खोक्यांतून काहीच कळलं नाही. त्यातलं एक खोकं मायाक्काचं होतं.

अक्कम्मांनी कुणाला काही विचारलं नाही. बिनवासाच्या कॅप्सूल एकेक करून उघडल्या, पीठ एका डब्यात काढलं, केसातल्या आकड्याच्या मागच्या टोकानं लाल पुडीची पूड भरली आणि पुन्हा बंद केल्या. हे काम त्यांनी मन लावून, चष्मा लावून, काही दुपारी खपून केलं. वेदनेनं वळवळणाऱ्या पोरीच्या हातावर पीठ ठेवायचं, हे त्यांच्या दृष्टीनं पाप होतं, आणि आपल्या दुकानात पाप व्हायचं नाही, एवढा साधा विचार. चनमल्लप्पा फोटोतून पाहत होते. त्यांनीही काही हरकत घेतली नाही.

दोन-तीन महिने सगळीकडे आनंदीआनंद. मुलींचे आकडे घसरले. मायाक्का सातावरून तीनवर आली, आणि हे तीन खरे होते. शिवराज लेबलांचे गठ्ठे सोडू लागला.

मग राजेश्वरी मॅडमनी किल्ली उघडली. औषध मिळालेल्या मुलींचं दुखणं जेवढं कमी झालं, पीठ मिळालेल्यांचंही तेवढंच कमी झालं. काडीचा फरक नाही. शास्त्राच्या भाषेत याचा अर्थ एकच: लाल पुडी आणि तांदळाचं पीठ, दोघांची लायकी सारखी.

ऋतुजानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अक्कम्मा शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला. सगळ्यांना खरं औषध दिलं, म्हणूनच औषध खोटं ठरलं, हे त्यांना तिथल्या तिथे उमगलं. हिशेब सोपा होता. त्यांचं मन दुसऱ्याच गोष्टीवर अडलं. खरं सांगितलं तर नातीचा प्रबंध बाद, वर्ष वाया. गप्प बसलं तर प्रबंध पूर्ण होतो. फरक नाही, हाही निकालच असतो, असं मॅडमनी तिला सांगितलं होतं. पुडीचं नाव जाईल, पण पोर पास होईल. अक्कम्मांनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या आणि बोलल्या एवढंच, "झालं की मग. लिही आणि मोकळी हो."

ज्या बाईचा आवाज शटर अडवू शकत नाही, ती बाई त्यानंतर आठवडाभर गप्प होती. समोरच्या कापडवाल्याला दुपारी झोप लागेना.

हे मौन मोडलं मायाक्कानं. पाळी आली म्हणून ती सवयीनं दुकानात आली आणि तेच औषध मागू लागली. ऋतुजा तिथे होती. ती मुळात प्रामाणिक पोर, आणि दुखावलेली. तिनं सांगितलं की त्या कॅप्सूलचा काही उपयोग नव्हता. तुझ्या नंबरात तर नुसतं पीठ होतं. बरं वाटलं ते मनामुळे.

मायाक्कानं ओढणी पुन्हा खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "म्हंजी मला मुळात दुखतच नव्हतं व्हय? आई म्हणती तेच खरं. मी नाटक करती."

आणि वाकून शटरखालून बाहेर पडली. चपला घालताना तिचा एक हात पोटावर होता.

अक्कम्मा उठल्या. त्यांनी डोक्यावरून इरकलीचा पदर घेतला, फळीवरचा एक डबा काखोटीला मारला आणि ऋतुजाला म्हटलं, "चल. तुज्या मॅडमकडं."

कॉलेजपर्यंत रिक्षात त्यांनी डबा मांडीवर घट्ट धरला होता. केबिनबाहेर मुलांच्या चपला होत्या. अक्कम्मांनीही आपल्या त्यांच्या शेजारी काढून ठेवल्या. आत जाऊन डबा टेबलावर ठेवला. झाकण काढलं. आत तांदळाचं पीठ.

"हे तुमचं पीठ," त्या म्हणाल्या. "अन्न टाकायचं न्हाय म्हणून ठेवलंय. त्याच्या जागी मी पुडी भरली. सगळ्यांत."

राजेश्वरी मॅडमनी डब्यात पाहिलं. मग ऋतुजाकडे. ऋतुजाचा चेहरा डब्यातल्या पिठासारखा झाला होता, त्यावरून मॅडमना कळायचं ते कळलं.

"तुम्हाला कळलं कसं कुठल्यात काय आहे ते?"

अक्कम्मांनी नाकाला बोट लावलं.

"अज्जी, माझं वर्ष गेलं," ऋतुजा म्हणाली.

"व्हय. मी घालवलं. म्हणून तर गप्प होते." अक्कम्मांनी नातीकडे बघायचं टाळलं आणि मॅडमना म्हणाल्या, "पुडी खोटी ठरू दे, मला चालंल. पण त्या पोरीचं दुखणं खोटं न्हाय. ते आमच्यामुळं खोटं पडलंय. ते खरं करा."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी सांगितलं की हा प्रबंध बाद. नव्यानं परवानगी, नव्यानं सह्या, पुन्हा पहिल्यापासून. ऋतुजाला पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागेल. आणि कॅप्सूल आता चकचकीत पाकिटांत बंद करून येतील. अक्कम्मांनी त्यांना हात लावायचा की नाही, हे ऋतुजानं ठरवावं.

ऋतुजा अज्जीशी आठ-दहा दिवस बोलली नाही. घरात तिघं माणसं आणि तिघंही गप्प. शिवराज बोलला असता, पण त्याच्यापुढे लेबलांचे गठ्ठे होते. मग एका सकाळी ऋतुजा दुकानात आली, पाकिटांचं नवीन खोकं अक्कम्मांसमोर ठेवलं आणि म्हणाली, "मुली तुझ्याकडेच येणार. माझ्याकडे नाही. तेव्हा देणार तूच."

यानंतर अक्कम्मांनी जे केलं ते मी स्वतः पाहिलेलं नाही, कारण त्या वेळी शटर अर्धं असतं. पण पाहणाऱ्या सगळ्या मुली ते सांगताना एकच हावभाव करतात. मुलगी आली की अक्कम्मा आधी पदराचा बोळा करून आपलं नाक गच्च दाबून धरत, मग एका हातानं खोक्यातून पाकीट काढून देत. पाकीट बंद होतं. तरी त्यांचा आपल्या नाकावर भरवसा नव्हता. पोरी हसायच्या. नाक दाबल्यामुळे तो सुप्रसिद्ध आवाज एखाद्या सर्दी झालेल्या भोंग्यासारखा यायचा. पण पदर निघायचा नाही.

मायाक्काला परत आणायला अक्कम्मा स्वतः वसतिगृहावर गेल्या होत्या. तिच्यापुढे त्यांनी सगळं कबूल केलं, पिठाच्या डब्यासकट. ती तयार झाली. पण दुसऱ्या खेपेला तिच्या वाट्याला काय आलंय, हे अक्कम्मांना नाक दाबूनही कळलंच. पोर बाकावर तशीच वळवळत होती. औषधाची बरणी अक्कम्मांच्या हाताच्या अंतरावर होती, आणि तो हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. शेवटी त्यांनी ऋतुजाला विचारलं, "शेक देऊ काय?" ऋतुजानं मॅडमना फोन लावला. उत्तर आलं: द्यायचा तर सगळ्यांना, सारखाच.

त्या दिवसापासून दुकानात पाणी कायम उकळत असे. जी येईल तिला गरम पाण्याची पिशवी. पीठवाली असो की पुडीवाली. शेकाच्या पिशव्यांवर अक्कम्मांनी स्वतःची सगळी माया ओतली, आणि ती मायाही सारखी वाटली. हे त्यांच्या स्वभावाच्या किती विरुद्ध होतं हे समजायला तुम्ही त्यांना कधीतरी आवडत्या आणि नावडत्या गिऱ्हाइकाला काढा ओतताना पाहायला हवं.

दुसऱ्यांदा किल्ली उघडली तेव्हा फरक निघाला. फार मोठा नाही. मॅडमनी तीनदा बजावलं की मुली थोड्या आहेत, दावा थोडाच करायचा: पहिल्या दिवसाच्या दुखण्यावर या पुडीनं पिठापेक्षा जास्त उतार पडलेला दिसतो, बहुधा सुंठीमुळे; अंगावरून जास्त जाणं, पाळी चुकणं, रक्त कमी असणं, यांवर ती काही करते असं मुळीच दिसलेलं नाही, कारण ते तपासलेलंच नाही. आणि पिठानंही थोडं बरं वाटतं. ऋतुजानं हे असंच्या असं लिहिलं आणि उत्तीर्ण झाली.

निकाल ऐकून अक्कम्मांनी एकच विचारलं, "मायाक्काला काय होतं?"

"पीठ."

त्यांनी मान हलवली. यावेळी ती पटल्याची होती.

मायाक्का आली तेव्हा शटर नुकतंच अर्ध्यावर आलं होतं. अक्कम्मांनी तिला बाकावर बसवून सांगितलं की तुला दोन्ही खेपेला पीठच होतं. पहिल्या वेळी मी ते बदललं, दुसऱ्या वेळी न्हाय. म्हणून पहिल्या वेळी कमी दुखलं आणि दुसऱ्या वेळी सात. तुजं दुखणं पहिल्यापासून खरं होतं.

"आट," मायाक्का म्हणाली.

"काय?"

"सात न्हाय अज्जी. आट सांगितलं मी ऋतुजाताईंना. तुमी नाक दाबून समोर बसला होता, तवा तीन सांगावं असं लई वाटलं. तुमचं तोंड बघवत नव्हतं की." ती हसली. "पण दुखणं उतरंना, तवा मला पीठच आलंय हे कळलं व्हतं. तीन म्हटलं असतं तर तुमची पुडी परत खोटी पडली असती."

अक्कम्मांनी शिवराजच्या लेबलांचा एक गठ्ठा फळीखालून ओढला. 'शास्त्रसिद्ध' हा शब्द मॅडमनी वापरू दिला नव्हता, त्यामुळे ती लेबलं आता मागच्या कोऱ्या बाजूनं पुड्या बांधायच्या कामाला आली होती. लाल कागद संपल्यावर तीच. एका लेबलावर पूड घातली, चार घड्या घातल्या, दोरा गुंडाळला.

"पयल्या दिवशी, कळ येण्याआदी घे," त्या म्हणाल्या. "गरम पाण्यातून. आनि परत आट झालं तर पुडीच्या नादी लागू नको, सरळ डॉक्टरीणबाईकडं जा. तिला बी आटच सांग. तीन न्हाय."

मायाक्का पुडी घेऊन वाकली, शटरखालून बाहेर आली आणि बुटाच्या नाड्या बांधू लागली. समोरच्या गादीवर कापडवाला कूस बदलत होता. आतून अक्कम्मांचा आवाज पुढच्या बाईला विचारत होता, गाठी पडतात काय.